चढ आला की उतरायचं

साठी उलटेपर्यंत मी कधी सायकल चालवली नव्हती. सायकलवर बसले मात्र भरपूर. माझं माहेर सावंतवाडीकडचं, तिथल्या घाटीत मुलींना सायकल कोण शिकवणार? लग्न होऊन सांगलीत आले तर अख्खं गाव सायकलवर. नवऱ्याकडे एक काळी, भक्कम सायकल होती आणि संध्याकाळी आम्ही दोघं तिच्यावरून डबलसीट फिरायला जायचो. घरात सासूबाईंसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे, आणि गल्लीचं वळण मागे पडलं की ‘अरे’.

डबलसीट बसण्याचंही शास्त्र असतं. सायकल चालती झाली की चार पावलं पळून कॅरिअरवर अलगद टेकायचं. दोन्ही पाय एका बाजूला, पदर मांडीखाली दाबलेला, वळणावर अंग हलवायचं नाही. पोलीस दिसला की उतरायचं आणि चढ आला की उतरायचं. यातला चढाचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. चालवणाऱ्यानं ‘उतर’ म्हणायचं नसतं, त्याला ते कमीपणाचं वाटतं. बसणारीनंच त्याची पाठ वाकलेली बघून न सांगता उडी मारायची. पुलाकडचा चढ लागला की मी उतरायचे. तो पायडलवर उभा राहून वर जायचा, वर पोचला की एक पाय जमिनीला टेकायचा आणि मागे न बघता कॅरिअरवर दोनदा थाप मारायचा. म्हणजे ये, बस. मला ती थाप फार आवडायची. नवीन घरात जो तो मला काही ना काही सांगायचा, पण इतक्या मायेनं बोलावणारी ती एक थापच होती.

पुढे अमेरिकेत आलो, ईडन प्रेरी नावाच्या बर्फाळ गावात घर झालं, मुलगी झाली आणि सायकल सुटली. ती परत आली ती नवऱ्याच्या पन्नाशीत, आणि अशी आली की तिला कॅरिअरच नव्हतं. एवढीशी सीट, अंगाला घट्ट बसणारे कपडे, डोक्यावर हेल्मेट. शनिवारी सकाळी निघालेला माणूस दुपारी उगवायचा. मी चिडवायचे, की दुसरी आणलीच आहेस तर तिला गॅरेजमध्ये का ठेवतोस, दिवाणखान्यात बसव. त्याला फ्रान्सला जायचं होतं. शांत रस्ते, नदीकाठची जुनी गावं, त्यातून आपलं आपण पायडल मारत जायचं, आणि मी मागून गाडीनं सामान घेऊन यायचं. रिटायर झाल्या झाल्या आम्ही तिकिटंही काढली.

त्या हिवाळ्यात एका सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ अर्धवट टाकून तो आत आला, बूट न काढता खुर्चीत बसला आणि म्हणाला, जरा बरं वाटत नाहीये. बूट न काढता आला तेव्हाच मी घाबरले. बायपास झाली. फ्रान्स कॅन्सल केलं. उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टर म्हणाले, सायकल चालवायला हरकत नाही, हळूहळू चालवा, पण एवढ्यात फार लांब जाऊ नका आणि एकट्यानं तर मुळीच नको. घरी येऊन नवरा म्हणाला, मग विकून टाकू.

चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो शहाण्यासारखा वागायला लागला. गोळ्या वेळेवर घ्यायचा, आमटीत मीठ कमी असलं तरी गप्प जेवायचा, सांगेन तेवढंच चालायचा. माझा हट्टी माणूस कुठे गेला, असं मला होऊन जायचं. आणि दुसरीकडे मीच त्याला एक सबंध जिना एका दमात चढू देत नव्हते. त्याला त्याचा रस्ता परत मिळावा असं मला मनापासून वाटे, आणि त्याच रस्त्यावर त्याला काही झालं तर काय, अशी भीतीही वाटे.

तोड काढली मुलीनं. ती जर्सी सिटीत राहते, फिजिकल थेरपिस्ट आहे आणि बापलेकीचं भलतंच गूळपीठ आहे. फोनवर तिनं त्याला सरळ विचारलं, “बाबा, यू कान्ट गो अलोन, राइट? सो डोन्ट गो अलोन. आईला घेऊन जा.” तिच्या इथल्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी दोघांनी मिळून चालवायची टँडेम सायकल पडून होती, तीही तिनं परस्पर मागून ठेवली. आणि फ्रान्सचं म्हणाल तर तेही तिला इलिनॉयमध्ये सापडलं होतं. मिसिसिपीच्या काठी तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंच शेतकरी येऊन राहिले होते, त्यांची गावं, घरं, शेतं अजून आहेत, रस्ते सपाट आहेत आणि गाड्या फारशा नाहीत. मला कुणी काही विचारलंच नाही.

टँडेममध्ये पुढच्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा. आमच्या संसारात ही वाटणी आधीपासूनच होती, त्यामुळे त्यावरून वाद झाला नाही. शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तीन आठवडे आम्ही गोल गोल फिरलो. मागचं हँडल वळतच नाही. ब्रेकही पुढेच. मागच्यानं फक्त धरून बसायचं आणि पायडल मारायचं. दोघांची पायडलं एकाच चेननं बांधलेली असतात, त्यामुळे मी जोर नाही लावला तरी माझे पाय आपोआप फिरायचे. बहुतेक वेळा मी तेच करत होते. माझं सगळं लक्ष त्याच्या श्वासाकडे असायचं.

सप्टेंबरात सायकल गाडीच्या टपावर बांधून आम्ही दिवसभर दक्षिणेला ड्राइव्ह केलं आणि प्रेरी दु रोशे नावाच्या लहानशा गावात उतरलो. एका अंगाला चुनखडीचे उंच कडे, दुसऱ्या अंगाला लांबवर नदीचा बांध, आणि मधे सगळी शेतं. मका वाळून उभा, सोयाबीन पिवळं पडलेलं. पूर्वी इथली जमीन नदीपासून कड्यापर्यंत लांबच लांब, अरुंद पट्ट्यांत वाटली होती, म्हणजे प्रत्येकाला थोडं पाणी, थोडी माती आणि थोडं रान मिळावं. हे मला नवऱ्यानं सांगितलं, सायकल चालवता चालवता, मान किंचित मागे करून. निम्मं वाऱ्यानं उडून जात होतं. मी म्हटलं, बांधावरून भांडणं इथंही झाली असतील. तो हसला. मागे बसलेल्याला हसू दिसत नाही, पण पाठ हलते ती दिसते.

पहिल्या दिवशी आम्ही फ्रेंचांचा दगडी किल्ला बघून आलो. माझ्या डोळ्यांना किल्ला म्हटलं की डोंगर लागतो. हा आपला भुईकोट, मक्याच्या शेताशेजारी गवतात बसलेला. रस्त्यावर आम्हाला एक ट्रॅक्टर भेटला, त्यावरच्या माणसानं टोपीला हात लावला, बस्स. कित्येक महिन्यांनी नवऱ्यानं दुसऱ्या दिवसाचा बेत स्वतःहून केला. नदीपर्यंत जायचं, तरीनं, म्हणजे गाड्या नेणाऱ्या सपाट तराफ्यानं, पलीकडे मिझुरी राज्यात उतरायचं, तिथलं सेंट जेनेव्हिव्ह नावाचं जुनं फ्रेंच गाव बघायचं, जेवायचं आणि परत यायचं. मी बरं म्हटलं. मनात मी चढ किती आहेत तेच बघत होते.

चढ तसे दोनच होते, नदीच्या दोन्ही काठांना एकेक. तरीतून पलीकडे उतरलो, तेव्हा धक्क्यापासून रस्ता तीरासारखा वर बांधावर चढत होता. लांबी फार नव्हती, पण चढ उभा होता. तो मोठा दम घेऊन निघाला. अर्ध्यावर सायकल मंदावली, त्याची पाठ वाकली, खांदे वर आले आणि श्वास मोठ्यानं वाजायला लागला. मी विचार वगैरे काही केला नाही. पस्तीस वर्षांपूर्वीचं अंगात होतं तेच झालं. मी उडी मारली.

कॅरिअरवरून उतरलं तर सायकल हलकी होते. टँडेमवरून उतरलं तर काय होतं ते मला पुढच्याच क्षणी कळलं. फिरतं पायडल माझ्या पोटरीवर बसलं, सायकल डळमळली, जागीच थांबली आणि नवऱ्याला घेऊन गवतात आडवी झाली. त्याच्याकडे धावत पोचेपर्यंतची ती दोन-तीन पावलं मला आजही नको वाटतात. तो उठून बसलेला होता. कोपर खरचटलं होतं. मी त्याच्या छातीवर हात ठेवला, तर त्यानं तो बाजूला केला आणि विचारलं, काय झालं, पडलीस का? मी म्हटलं, नाही, उतरले. तुला जड पडत होतं ना.

तो चिडला. हिवाळ्यापासून पहिल्यांदा, अगदी पूर्वीसारखा, कपाळाची शीर फुगवून. म्हणाला, तुम्ही सगळ्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलंय. जिना चढताना तू मागून हात धरतेस, मला कळत नाही का? मीही रडत रडत ऐकवलं की ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तू नव्हतास, मी होते. मग तो गवत उपटत बसला. थोड्या वेळानं अगदी साध्या आवाजात म्हणाला,

“अगं, ती सायकल वेगळी होती. इथं तू उतरलीस तर मला हलकं होत नाही. दोघांची सायकल मला एकट्याला ओढावी लागते.”

पोटरी ठणकत होती. आम्ही सायकल हातानं ढकलत बांधावर नेली आणि मग गावात गेलो.

गाव सुरेख होतं. उभे ओंडके रोवून केलेल्या भिंतींची घरं, आणि घराला आपल्याकडे असते तशी लांब पडवी. एका पडवीसमोरच्या बाकावर बसून आम्ही घरून आणलेले धपाटे खाल्ले. तो कोपराला बँडेज लावत होता, मी त्याचं वाक्य मनात घोळवत होते. महिनोन्‌महिने मी हेच करत आले होते. त्याला जड पडू नये म्हणून बर्फ मी ओढायचा, बॅगा मी उचलायच्या, वाईट बातम्या मी लपवायच्या, आणि स्वतःची भीती तर त्याला कधी दाखवलीच नव्हती. प्रत्येक चढाला मी खाली उतरून बाजूनं चालत होते आणि तो वर एकटा होता. त्याला सांभाळते आहे असं मला वाटत होतं.

दुपारी तरीनं परत आलो. इलिनॉयच्या बाजूलाही बांधावर तसाच चढ होता. नवऱ्यानं विचारलं, ढकलत नेऊ या का? मी म्हटलं, नको. मग म्हटलं, मला भीती वाटतेय. तो म्हणाला, मलाही. आणि आम्ही निघालो.

अर्ध्यावर पाठ पुन्हा वाकली. माझा डावा पाय जमिनीकडे निघालाच होता. मी तो पायडलवर दाबला. मग उजवा दाबला. खरा जोर लावून, पहिल्यांदा. मांड्या पेटल्या, तोंड कोरडं पडलं, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की मला जो श्वास ऐकू येतोय तो त्याचा नाही, माझाच आहे. सायकल हळूहळू, पण वर जात राहिली.

वर सपाटी लागली. समोर शेतं होती, त्यापलीकडे पांढरे कडे. त्यानं एक पाय टेकला आणि मागे न बघता त्याचा हात मागे आला, जुन्या सवयीनं, कॅरिअर शोधत. कॅरिअर नव्हतंच. हात माझ्या मुठीवर पडला आणि तिथेच राहिला.

“आहेस?” त्यानं विचारलं.

“आहे,” मी म्हटलं.