बेडकी वाजली की घास

शमीमआपा मांजरांना शिकवायची. ‘मांजर कधी शिकतं होय?’ म्हणून अख्खं अकोट हसायचं. शाळेत रुजू होऊन तिच्या शेजारी खोली घेतली, त्या संध्याकाळी मीही हसले होते. अंगणात तीन मांजरी आणि मोती कुत्रा आपापल्या चिंधीवर बसलेले. प्रत्येकाची चिंधी वेगळ्या रंगाची, आपाच्या शिलाईतून उरलेली. तिच्या मुठीत उरुसातली पत्र्याची, खेळण्यातली बेडकी. जो आपल्या चिंधीवर बसेल त्याच्याकडे बघून ती बेडकी दाबायची, टक्, आणि लगेच त्याला घास. कोंबड्यांना शिकवायचा नाद मात्र तिनं सोडला होता.

“पयले कैची वाजवून शिकवत होती मी,” ती म्हणाली. “पण कैची तं दिवसभर चालते. हे येडे दिवसभर जेवाले येऊन बसत.”

तिचा नियम एकच. “बेडकी वाजली की घास द्याचा मंजे द्याचा. ते आपली जबान हाय.” घास जवळ नसेल तर बेडकीला हातसुद्धा लावायचा नाही.

हिरवी चिंधी लल्लीची. भुरी, भित्री, आपाखेरीज कुणाच्या हाताला न येणारी.

त्या वर्षांत कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं. आपाचा मुलगा सलीम ज्या जिनिंगमध्ये होता तिला कुलूप लागलं. त्याला सुरतेत काम मिळालं, आईला घेऊन जायचं ठरलं. एका खोलीत जनावरं कुठं ठेवणार? मोती मागच्या गल्लीतल्या एका घरी गेला, दोन मांजरी आणि कोंबड्या नणंदेकडे. राहिली लल्ली.

“पकडाले गेलं तं कौलावर जाईन, अन् मंग बंद घराभवती रडत फिरन,” आपा म्हणाली. “तू नेशीन का व मास्तरीन तिले?” माझी अमरावतीला बदली झाली होती. मी हो म्हटलं.

आपानं हिरवी चिंधी झाकणाच्या टोपलीजवळ ठेवली, काही दिवसांनी काठावर, मग आत. लल्लीला माझी सवय व्हावी म्हणून बेडकी माझ्या हाती दिली. लल्ली टोपलीत बसू लागली आणि मी माती खाल्ली. शाळेतल्या दोघी जणी आल्या होत्या. त्यांच्यापुढे मिरवायला मी बेडकी वाजवली, पुन्हा वाजवली, चार-पाच वेळा वाजवली. हात रिकामा. लल्लीनं माझ्याकडे पाहिलं आणि गेली ती कौलावर. आपाच्या जाण्याला चार दिवस उरले होते.

आपा ओरडली असती तर बरं झालं असतं. “काहून केलं व असं?” एवढंच म्हणाली. “मुकं जनावर तुह्यावर भरोसा ठेवून राहिलं होतं.”

मग पुन्हा पहिल्यापासून. मी अंगणात बसून टक्, माशाचा तुकडा, टक्, तुकडा. आपा मात्र चारही दिवस आतल्या खोलीत. लल्ली दाराशी येऊन ओरडायची, तरी ती बाहेर आली नाही. “मले पाहून आली तं तुह्या काय कामाची?” आतून आवाज यायचा.

आम्ही दोघी निघायच्या सकाळी लल्ली आली. टोपली हुंगली, आत शिरली, चिंधीवर बसली. टक्. घास. मी झाकण लावलं तेव्हा आपा दाराआड उभी होती. मी म्हटलं, “आपा, एकदा हात तरी फिरव.” तिनं ओढणी तोंडाशी धरून नाही अशी मान हलवली. “जा, तुही एसटी जाईन.”

ईदेला सुरतेहून फोन यायचा. “वाजव,” ती म्हणायची. मी फोनजवळ बेडकी वाजवायची. लल्ली धावत यायची. मी आपाची खुशाली विचारायला लागले की ती दटावायची, “पयले घास दे. मंग बोल.”

एका ईदेला फोन आला नाही. पुढं सलीमनं कळवलं, अम्मी गेली. लल्ली त्यानंतर दोन वर्षं जगली.

बेडकी माझ्या टेबलाच्या खणात आहे. घास द्यायला कुणी नाही, म्हणून वाजवत नाही. परवा मात्र आपाची फार आठवण आली, राहवलं नाही. टक्. घर गप्प. मग मी उठले, दूध-पोळी कालवली आणि मागच्या दारी ठेवून आले.