एकशे अठरा नंबरचं पाकीट

फेब्रुवारी लागला की अमेरिकेतल्या आमच्या मेम्फिसमधल्या माणसांची चाल बदलते. कापलेल्या टॅक्सचा रिफंड यायला लागतो, आणि वर्षभर खाली बघून चालणारे लोक सोफ्यांच्या दुकानात शिरून गाद्या दाबून बघायला लागतात. व्हर्लीन पर्व्हिसला हा महिना डोळ्यांसमोर नको व्हायचा. तिचाही रिफंड यायचा, चांगला दोन हजार चारशे डॉलर, पण तो तिच्या हातात पडायचा नाही. कोर्टाने नेमलेल्या ट्रस्टीकडे भरावा लागायचा.

व्हर्लीनने दिवाळखोरीचा अर्ज केला होता तो आईचं घर वाचवायला. बँक ते लिलावात काढणार होती. कोर्टाने पाच वर्षांची परतफेड बांधून दिली: दर पगारातून ठरलेला हप्ता परस्पर कापला जाणार, आणि रिफंडही त्यातच जाणार. हप्ते चुकले तर योजना रद्द, आणि घर पुन्हा लिलावात. आमच्याकडे यात कुणाला लाज वाटत नाही. अर्धी गल्ली कुठल्या ना कुठल्या योजनेत असते, आणि लोक एकमेकांना "तुझी किती वर्षं राहिली?" असं विचारतात. व्हर्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात पहाटे साडेपाचला हजर राहायची, दोनशे पोरांचा नाश्ता करायची आणि हप्ता कधी चुकवायची नाही. तिचं तिसरं वर्ष चालू होतं.

तिचं खरं दुखणं होतं डोरेथा.

डोरेथा बूकर तिची मावसबहीण. दोघींनी एकाच महिन्यात, एकाच वकिलाकडून अर्ज केला होता. चर्चच्या गायनमंडळात दोघी शेजारी उभ्या राहायच्या. पण डोरेथाचा रिफंड कुठेच जात नसे. पहिल्या वर्षी तिच्या घरावर नवं छप्पर आलं. दुसऱ्या वर्षी तिला नवे दात आले, वरची अख्खी कवळी, आणि त्या दातांच्या जोरावर ईस्टरचं एकटीने म्हणायचं गाणंही मिळालं. ते गाणं बावीस वर्षं व्हर्लीनचं होतं. व्हर्लीन बाजूला उभी राहून ते दात मोजत राहिली.

कसं जमतं, हे विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे डोरेथाकडून शिकायचं, आणि लहानपणी डोरेथाला बुटाची नाडी बांधायला व्हर्लीनने शिकवलं होतं.

या फेब्रुवारीत, दुसऱ्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर झगे उतरवताना डोरेथा म्हणाली, "या वर्षी पाणी तापवायची टाकी घेते बाई. जुनी गळायला लागलीय."

"घे की," व्हर्लीन म्हणाली. "तुला काय कमी आहे."

"तुझ्या व्हॅनचं काय? गिअर बदलताना रेड्यासारखी ओरडते ती."

"माझी व्हॅन ठणठणीत आहे."

व्हॅन मुळीच ठणठणीत नव्हती. घरी जाताना ती दोनदा सिग्नलला अडकली, आणि मागच्याने हॉर्न वाजवून तिची आई काढली. घरी पोचेपर्यंत व्हर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला होता. छप्पर, दात, आता टाकी. मी बावळट म्हणून इमानदारीने भरते, आणि ही चोरटी गरम पाण्याने अंघोळ करणार. तिने कोटही काढला नाही. तशीच टेबलाशी बसली आणि ट्रस्टीच्या ऑफिसला चिठ्ठी लिहिली: "डोरेथा बूकर दर वर्षी रिफंड लपवते. विश्वास नसेल तर तिचे दात बघा. एक देवभीरू स्त्री." नाव अर्थातच घातलं नाही.

घरात पाकीट नव्हतं. होता तो फ्रिजवरचा, चर्चला द्यायच्या दशांशाच्या पाकिटांचा डबा. आमच्या चर्चमध्ये प्रत्येक सभासदाला वर्षाची बावन्न पाकिटं मिळतात, दर रविवारी एकात पैसे घालून दानाच्या ताटात टाकायचं. व्हर्लीनने डब्यातलं वरचं पाकीट ओढलं, चर्चचं नाव काळ्या पेनाने नीट गिरवून टाकलं, तिकीट चिकटवलं आणि चालत जाऊन टपालपेटीत टाकून आली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

दहाव्या दिवशी पहाटे व्हॅन रस्त्याच्या मधोमध बंद पडली. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचे दोन हजार दोनशे सांगितले. त्या वेळेला शाळेकडे जाणारी बस नाही. नोकरी गेली की हप्ता गेला, आणि हप्ता गेला की आईचं घर गेलं. व्हर्लीनने वकिलाच्या ऑफिसात फोन केला. तिथला सगळा कारभार मिस पॅटकडे असे.

"मग गॅरेजवाल्याचा कागद घेऊन या ना," मिस पॅट म्हणाली. "यंदाचा रिफंड अजून भरला नाहीत ना?"

"परवा भरणार होते."

"थांबा. वकीलसाहेब कोर्टात अर्ज करतील की या वर्षीचा रिफंड गाडीसाठी ठेवू द्या. खरी गरज असली तर बहुतेक वेळा देतात."

"असं करता येतं?"

"सही केलीत त्या कागदात होतं की. तुमची बहीण दर जानेवारीत सगळ्या पावत्या बुटाच्या खोक्यात घालून आणते. छप्पर, डेंटिस्ट, सगळं कोर्टाला विचारून. तिने सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही," व्हर्लीन म्हणाली.

"पण यंदा बिचारीचं अडकलंय. कुणीतरी तिच्याविरुद्ध पत्र टाकलंय. चौकशी होईपर्यंत पैशाला हात लावायचा नाही."

व्हर्लीनने फोन ठेवला. आधीचे दोन्ही रिफंड तिने मुकाट्याने भरले होते, आणि त्यांतला एक तरी नुसतं विचारून वाचला असता. डोरेथाने विचारलं होतं, एवढंच. खरं सांगायचं तर आधी तिला स्वतःची कीव आली, मग डोरेथाची, आणि शरम आली ती सगळ्यांत शेवटी.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता दारात हॉर्न वाजला.

"मिस पॅटकडून कळलं गाडीचं," डोरेथा काच खाली करून म्हणाली. "बस. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला सहाला पोचायचंय, तुला वाटेत सोडते."

कोर्टाचा निकाल यायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे डोरेथा रोज आली, आणि व्हर्लीन रोज तिच्या गाडीत बसली. डोरेथा पातेल्यात पाणी तापवून अंघोळ करत होती, त्यामुळे अर्धा तास आधी उठायची. तिने ते एकदाच सांगितलं, तक्रार म्हणून नाही. व्हर्लीन खिडकीबाहेर बघायची. आज सांगून टाकू असं रोज ठरवायची, आणि शाळा आली की "थँक यू गं" म्हणून उतरायची. त्यातही तिच्या मनात यायचंच, की हिची गाडी कशी पहिल्या किल्लीला सुरू होते.

अखेर दोघींचे कागद एकाच दिवशी आले. व्हर्लीनला गिअरबॉक्ससाठी रिफंड ठेवायची परवानगी मिळाली आणि डोरेथाची चौकशी मिटली. शेवटच्या दिवशी डोरेथाने शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवली, पण दाराचं कुलूप उघडलं नाही.

"एक विचारायचं राहिलं," ती म्हणाली. डोरेथा चर्चची हिशेबनीस होती, बारा वर्षं. दर सोमवारी तीच पाकिटं उघडायची. "एकशे अठरा नंबरचं, फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारचं पाकीट आलं नाही माझ्याकडे."

व्हर्लीनचा सभासद नंबर तोच. तीस वर्षं पाकिटाच्या कोपऱ्यात छापलेला, इतका सवयीचा की चर्चचं नाव गिरवताना तो तिला दिसलाच नव्हता.

"वकिलाने पत्राबरोबर पाकिटाचीही कॉपी दिली होती," डोरेथा म्हणाली. "वहीत मी 'टपालात गहाळ' असं लिहिलंय. त्या रविवारचे पैसे सुटे टाक ताटात, म्हणजे मेळ बसेल."

"कधी दिली कॉपी?"

"तुझी व्हॅन बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी."

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. व्हर्लीन उतरली, दार धरून उभी राहिली. माफी अगदी जिभेवर आली होती. पण तिने डोरेथाकडे पाहिलं. पातेल्यातल्या पाण्याने अंघोळ करून, सगळं ठाऊक असून, ही बाई तीन आठवडे रोज पहाटे आपल्या दारात येत राहिली होती. मला हे एक दिवससुद्धा जमलं नसतं, असं व्हर्लीनच्या मनात आलं. आणि छपराचा, दातांचा, गाण्याचा मिळून वाटला नव्हता इतका हेवा तिला त्या क्षणी डोरेथाचा वाटला.

"दार लाव," डोरेथा म्हणाली. "थंडी आत येतेय."