कुंकू लावलेलं पाकीट

आमच्याकडे बायोडाटा म्हणजे लग्नाचा. वर गणपती, खाली रंग, उंची, मामाचं गाव. नोकरीच्या कागदालाही बायोडाटाच म्हणतात हे मला नातीमुळे कळलं. उशिरा कळलं म्हणून माझं काही अडलं नव्हतं. मी चौथी शिकले आणि लग्नानंतर घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या. शेठने बोटं बघितली आणि सूत दिलं. कागद कुणी मागितला नाही.

नातीचं मात्र अडलं होतं. बी.कॉम. होऊन ती घरी बसली होती आणि माझ्या मुलाने तिला बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक. न्हाय लागली तर तुळशीच्या लग्नानंतर तुझं." तो शब्दाचा पक्का. जमीन विकतानाही पक्काच होता. पूर्णा गावातल्या ज्या गोडाऊनमधून तिला बोलावणं आलं, ते आमच्याच भाताच्या शेतावर उभं आहे. ही पात्रता लिहायला कागदावर जागा नव्हती.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडून दोन्ही बायोडाटे मीच आणले. एक नोकरीचा, इंग्रजीत. दुसरा सुनेने राहनाळच्या एका स्थळासाठी करून घेतलेला, मराठीत. पाकिटं सारखीच, दोन्ही बंद. सुनेने देवापुढे त्यातल्या एकाला हळदकुंकू लावलं.

"उघडून तरी बघ," मी म्हटलं.

"आई, शुभकार्याचं पाकीट फोडत न्हायत."

कुंकवाचं पाकीट राहनाळला गेलं. नात कोरं घेऊन गोडाऊनला गेली.

पुढचं तिने घरी येऊन सांगितलं. साहेब मराठीच होता. त्याने कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "निमगोरी, गृहकृत्यदक्ष, स्वभावाने शांत." मग हिच्याकडे बघून म्हणाला, "शांत कशा चालणार? इथे ट्रकवाल्यांशी बोलायचं असतं."

हिला तेव्हा घोटाळा कळला. साहेबाचं वाचन चालूच होतं. "अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी, स्वतःचं घर असलेला." तो म्हणाला, "आमचं गोडाऊन भाड्याचं आहे."

"चालेल, सर. निर्व्यसनी आहे ना?"

तो हसला आणि कागद उलटा ठेवून म्हणाला, "आता यातलं खरं काय ते सांगा."

तिने सांगितलं. टॅली येते. आलेला-गेलेला माल कॉम्प्युटरवर चढवता येतो. ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडता येतं. शांत नाही, आणि स्वयंपाकही बेताचाच. सुनेने छापून घेतलेल्या कागदात यातलं एक अक्षर नव्हतं. आपल्या माणसांना स्वतःला काय येतं ते सांगायची लाज वाटते, मामा काय करतो ते तोंडपाठ असतं.

संध्याकाळी राहनाळहून मुलाच्या आईचा फोन आला. सुनेने हौसेने स्पीकर लावला.

"ताई, पोरानं सगळं वाचून दाखवलं. मुलगी शिफ्टमध्ये काम करायला तयार हाय म्हणते. पगाराचं बसून ठरवू म्हणते. आणि लगेच रुजू होते म्हणते. एवढी कसली घाई?"

सुनेने स्पीकर बंद करायला बटण शोधलं, ते सापडेना.

"पण पोराला आवडली हां," बाई म्हणाली. "एवढं सरळ कोण लिहितं?"

मी इतकी स्थळं ऐकली, पण मुलीला काय येतं हे मुलाकडच्यांना खरं खरं कळल्याचं हे पहिलंच. तेही चुकून.

गोडाऊनचा होकार दिवाळीच्या आत आला. माझ्या मुलाला शब्द पाळावा लागला. शब्दाचा पक्का असण्याचा हा एक तोटा आहे. राहनाळकरांना काय सांगू, असं सुनेने विचारलं तेव्हा नात डबा भरत होती.

"सांग, रुजू झाली. दुसरीकडे."

सुनेने "विचार करून कळवतो" एवढंच कळवलं. आमच्याकडे याचा अर्थ नाही असाच होतो, त्यामुळे तिला खोटं बोलावं लागलं नाही.

साहेबाने नातीकडे दुसरा बायोडाटा मागितलाच नाही. गोडाऊनच्या फाईलला अजून तोच लावलेला आहे, गणपती आणि मामाच्या गावासकट.