नवमीचे वडे आणि माझी रात्रपाळी

मी आजवर दवाखान्यात दोनदाच भरती झाले. एकदा विनूच्या जन्माच्या वेळी आणि एकदा वड्यांच्या डब्यामुळे.

पितृपक्षातली नवमी होती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान या दिवशी घालतात. माझी सून सुनंदा तशी गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत एक नर्स तिचा हात धरून बसायची. ते माझ्या नातीनं, केतकीनं पाहिलं आणि नर्स व्हायचं ठरवलं. झालीही. यंदा पास झाली आणि विजय नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात लागली. तेव्हापासून ती आमच्याच घरात राहते म्हणे. मला दिसतात त्या फक्त दारातल्या तिच्या चपला!

तिथे नव्या पोरींचा कायदा असा: बारा तासांची पाळी, रात्रपाळ्या आधी नव्यांच्या वाट्याला, आणि बदलीची सिस्टर आली नाही तर घरी जायचं नाही. आदल्या संध्याकाळी केतकी गेली होती, आणि नवमीला सकाळी बदलीची सिस्टर आलीच नाही.

"आजी, मला थांबवलंय गं," ती फोनवर म्हणाली.

"काही खाल्लंस का?"

"जेवले ना." (ही पोरगी जेवले म्हणते तेव्हा बिस्किट खाल्लेलं असतं.)

इकडे विनू, माझा मुलगा, गच्चीवर पान ठेवून "काव काव" करत उभा. कावळा समोरच्या तारेवर बसलेला, पण खाली येईना.

"आई, अब क्या करूं? पाय भाजताहेत." (हिंदी मुलखात वाढलेला, कंटाळला की हिंदीवर येतो.)

"सुनंदाचा जीव पोरीत अडकलाय. ती उपाशी आहे तोवर कावळा शिवायचा नाही."

"मग कावळ्याला सांगू का, तिची ड्यूटी आहे?"

"तू काव काव कर. मी तिला जेवू घालून येते."

वडे आणि खीर डब्यात भरून रिक्षानं निघाले. मी स्वतः सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पानाला कावळा शिवल्याशिवाय आमच्याकडे कोणी जेवत नाही. दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. समोर एक रिकामी खुर्ची दिसली. बसले. तिला चाकं आहेत हे ती चालायला लागल्यावर कळलं!

मागे एक मिशीवाला माणूस ढकलत होता.

"अरे भिया, कुठं नेतोस?"

"वार्ड में, अम्माजी. घबराओ मत."

"मैं बीमार नहीं हूं!"

"सब यही बोलते हैं."

"मैं तो नातीला डिब्बा देने आई!"

"हां हां, सब आ जाएंगे मिलने."

मी रागानं उठायला गेले आणि भोवळ येऊन पुन्हा खुर्चीत पडले. झालं! त्याची खात्रीच पटली. मला खाटेवर निजवलं आणि डबा उशाशी ठेवला.

थोड्या वेळानं पडदा सरकला आणि केतकी आली. तोंडाला मास्क, हातात बीपीचं मशीन. मी हसले. ती सरळ माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसलेच नाही. डोळे उघडे होते, इतकंच.

"अम्माजी, हाथ ढीला छोड़िए. डरना नहीं, मैं यहीं हूं."

एरवी मी चांगलं सुनावलं असतं. पण तिनं माझा हात धरला होता, ती नर्स सुनंदाचा धरायची तसा. मी एवढंच विचारलं, "जेवलीस का गं?"

"हो आजी, जेवले," ती म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे वळली.

मग थबकली.

"आजी?"

रडणं वगैरे काही झालं नाही. वेळ कुणाला होता! पडदा ओढून ती स्टुलावर टेकली, मी वडा हातात दिला. अर्धा खाल्ला आणि उरलेला हातात धरूनच माझ्या खाटेवर डोकं ठेवून झोपली. तोंडात घास तसाच. मी हलले नाही.

इतक्यात हेड सिस्टरचे बूट वाजले. पोरीची नोकरी जाते की काय! मी वडा तिच्या हातातून काढून माझ्या हातात घेतला आणि तिची बोटं माझ्या मनगटावर ठेवली. बघणाऱ्याला वाटावं, नाडी बघतेय.

"क्या हुआ, सिस्टर?" पडद्यातून डोकं आत आलं.

"हाय राम!" मी कण्हले. "कब से ढूंढ रही है, नाड़ी मिल नहीं रही!"

जरा जास्तच झालं. हेड सिस्टर ओरडली, डॉक्टर धावत आले, केतकी ताडकन उठली! नाडी सापडली. पण बीपीही सापडलं, आणि ते खरोखर चढलेलं होतं. डॉक्टरांनी माझ्या हातातला वडा पाहिला.

"ये क्या खा रही हैं? नमक बंद! रात भर रखना पड़ेगा."

वड्याचा घास केतकीच्या तोंडात होता. तिनं तो मुकाट्यानं गिळला. डबा त्या मिशीवाल्यानं नेला.

संध्याकाळी बदलीची सिस्टर आली. केतकी घरी जाऊन माझ्या पलंगावर झोपली, आणि तिची रात्रपाळी मी केली. विनूचा फोन आला, "आई, पान मांजरीनं नेलं. आता जेवू का?"

"जेव, बाबा."

सकाळी केतकी पुन्हा ड्यूटीवर हजर. विचारलं, "जेवून आलीस का?"

"हो आजी, जेवले."

खिडकीवर एक कावळा बसला होता. मी माझ्या बिनमिठाच्या दलियाचा घास त्याच्यापुढे ठेवला. त्यानं घासाकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं, आणि उडून गेला.

तो घासही मग मीच खाल्ला. कालपासूनची उपाशी होते. केतकी जेवेपर्यंत कावळ्यासारखं अडून बसणं मला कुठलं परवडायला!