बोर्डाचा खिळा

हलकुडे मॅडम पेशंटची नाडी बघायच्या आधी त्याचा हात हुंगायच्या. कच्चा कांदा, कापूर, कॉफी, डोक्याला चोळायचा बाम, यातलं काहीही नाकाला लागलं की पेशंट परत बाकावर. "औषध मारून टाकलं की तुमी," म्हणायच्या. "नळावर जावा, हात धुवा, मग या." अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून सायकल हाणत आलेला कामगार आपलेच तळवे हुंगत बसायचा.

माझं मेडिकल स्टोअर त्यांच्या होमिओपॅथीच्या दवाखान्याला लागूनच. मधे एक भिंत. इतक्या वर्षांचा शेजार, पण त्यांच्या गोळ्यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. माझ्या दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर औषधाचं नाव, कंपनी, तारीख. मॅडमची पुडी मात्र कोरी. विचारलं तर म्हणायच्या, "नाव कळलं की पेशंटच डॉक्टर होतोय. आमच्यात सांगायची पद्धत न्हाय, मालक." सोलापुरात कुणालाही मालक म्हणतात, पण मॅडम म्हणाल्या की आपण काहीतरी लपवलंय असं उगाच वाटायचं.

संशय त्यांच्या अंगातच होता. घरची भाषा कानडी. पेशंट पथ्याबद्दल बोलायला लागला की चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "सुळ्ळु." सुळ्ळु म्हणजे खोटं. मोडनिंबहून आलेल्या एका धडधाकट शेतकऱ्याला हा शब्द ऐकून घाम फुटलेला मी पाहिलाय.

मधे होमिओपॅथीवाल्यांनाही वर्षाचा कोर्स करून आमच्यासारखी, म्हणजे ॲलोपॅथीची औषधं लिहिता येतील, असं सरकारने काढलं. त्यावरून डॉक्टरांच्या दोन्ही बाजू अजून हमरीतुमरीवर आहेत. मी म्हटलं, मॅडम, करून टाका. त्या म्हणाल्या, "परवानगी कागदावर येईल की. डोक्यात कशी येणार?" मला ते पटलं नाही. हातात येत असलेली गोष्ट जो सोडतो, त्याच्या खिशात दुसरं काहीतरी असणार, असा माझा हिशेब.

त्यांचा धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्याने एकदा फोनवर सांगितलं, की तिकडे सरकारी खर्चाने होमिओपॅथी देणं जवळपास बंदच झालंय, पण खासगीत कुणीही उठावं आणि होमिओपॅथ म्हणून बसावं, कायदा आडवा येत नाही. कुठल्या देशात फक्त एमबीबीएससारखे डॉक्टरच ती देऊ शकतात, कुठे ती दुकानात सर्रास मिळते. आपल्याकडे निदान डिग्री लागते, कौन्सिलच्या रजिस्टरात नाव लागतं. फोन ठेवून मॅडम माझ्या काउंटरशी आल्या. "तितं बोर्ड लावायला काय लागतंय ठाऊक हाय का मालक? एक खिळा." मग म्हणाल्या, "ह्यात काय न्हाय म्हणून ह्याच्यावर कुणाचं लक्ष न्हाय. आणि लक्ष न्हाय म्हणून ह्यात कायबी घालता येतंय." तेव्हा मला वाटलं, बाई स्वतःबद्दलच बोलतायत.

माझी आई त्यांच्याच पुड्या घेत होती. तिला दमा. माझ्या दुकानातला पंप तिला नको असायचा, "त्याची सवय लागती" म्हणून. मॅडमच्या औषधाने वर्षभर जेमतेम फरक पडला, आणि मग अचानक आई जिने चढायला लागली. मी खूष होतो. पण हळूहळू तिचा चेहरा गोल व्हायला लागला, गाल टम्म, हातावर कुठेही काळे-निळे डाग. औषधाच्या धंद्यात केस पांढरे झालेत माझे. हे स्टेरॉईड आहे, हे कळायला मला डॉक्टर नको होता.

डोकं फिरलं. आईला रिक्षात घातलं, घरातल्या सगळ्या पुड्या पिशवीत भरल्या आणि भर दवाखान्यात पेशंटसमोर मॅडमच्या टेबलावर ओतल्या. "ह्यात काय घालता ते आत्ताच्या आत्ता सांगा. नाहीतर हे सगळं गटारात टाकतो आणि तुमची तक्रार करतो."

मॅडम चिडल्या नाहीत. एक पुडी उघडून जिभेवर टेकवली. दुसरी, तिसरी. चौथीला तोंड वाकडं केलं आणि ती माझ्यापुढे धरली. "चाखा." मी चाखली. आधी साखर, मग खाली कडूजहर. मॅडम म्हणाल्या, "माझं औषध कडू नसतंय, मालक. आणि ही घडी माझ्या हातची न्हाय." मग त्यांनी आईकडे चष्म्यावरून बघितलं. एवढंच. आई रडायलाच लागली.

आईचं माहेर वैरागचं. तिथल्या बाजारात एक नवा होमिओपॅथीवाला बसायला लागला होता, बोर्डावर लंडनची डिग्री. मावशी त्याच्या पुड्या आणून देत होती. "बाई, तीबी तुमच्यासारखीच पांढरी की," आई म्हणाली. "नाव ना गाव. मला वाटलं, तुमचंच औषध हाय, जरा जास्त ताकदीचं. म्हनून दोन्ही एकाच डब्यात ठिवली."

मी ती पिशवी उचलली, फेकायलाच निघालो होतो. मॅडमनी माझं मनगट धरलं. बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "टाकू नका. किती दिवस घेतलंय कुणास ठाऊक. एकदम तोडलं तर म्हातारी हातातून जाईल." स्टेरॉईड एकदम बंद करता येत नाही हे मलाही ठाऊक होतं, पण रागात कुठे आठवतं? दवाखाना तसाच उघडा टाकून त्या आमच्याबरोबर रिक्षात बसल्या. मोठ्या हॉस्पिटलातल्या फिजिशियनसमोर ती कडू पुडी ठेवून म्हणाल्या, "आमच्या नावावर हे दिलंय. तुमी हळूहळू कमी करा. माझी औषधं बंद, ह्यांना माझ्याकडं पाठवू नका." महिनोन् महिने डोस उतरवत आई त्यातून बाहेर आली. आता पंप घेते. कुरकुरत का होईना, घेते.

मॅडमनी तक्रार केली. कौन्सिल म्हणालं, हा आमच्या रजिस्टरात नाही, आम्ही कारवाई कशावर करणार? तालुक्याच्या आरोग्य खात्याने चौकशीला वेळ घेतला. शेवटी मी आणि मॅडमच वैरागला गेलो. गाळ्याला कुलूप, बोर्ड गायब. भिंतीत खिळा तेवढा तसाच होता. मॅडम त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "नाव असलं तर कान धरता येतंय. ह्याला कान कुटनं आणायचा?"

परतल्यापासून त्यांनी प्रत्येक पुडीवर औषधाचं नाव आणि खाली स्वतःची सही करायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या बाकीच्या डॉक्टरांना ते आवडलं नाही. मलाही त्या गोळ्यांनी काही होतं असं अजून वाटत नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. "नका ठेवू विश्वास," त्या म्हणाल्या. "पण मी दिलं ते मीच दिलं, एवढं कळायला पाहिजे."

गेल्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी मॅडमना हात टेकायला लावले. दवाखाना बंद करून त्या लेकीकडे बेळगावला निघाल्या. सामान टेम्पोत चढलं, बोर्डही उतरला. तरी मॅडम दारातून हलेनात. माझ्याकडे पक्कड मागितली. मी म्हटलं, राहू द्या, पुढच्याच्या कामाला येईल. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. गंजलेला लांबलचक खिळा त्यांनी स्वतः उपटला, माझ्या तळहातावर ठेवला आणि सवयीने माझा हात हुंगला. मला हसू आलं.

परवा एक जण मॅडमचा गाळा बघायला आला. डॉक्टर आहे म्हणाला, बाहेर शिकून आलोय. बोर्ड कुठे टांगू, विचारलं. मी म्हटलं, आधी रजिस्ट्रेशनचा कागद दाखवा. खिळा माझ्याकडे आहे.