बद्रीनाथला पाडणारा पुंजाराम

अंबडच्या तालमीत पुंजारामनं बद्रीनाथला इतक्या वेळा पाडलं होतं की त्याचा हिशेब ठेवायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पण हे ठाऊक कुणाला? तालमीच्या भिंतींना, गिरिधर वस्तादांना आणि खुद्द बद्रीनाथला. भिंती बोलत नाहीत, वस्ताद बोलू देत नसत, आणि बद्रीनाथला असलं काही विचारायचं कुणाला सुचत नसे. राहता राहिला पुंजाराम. त्यानं स्वतःच सांगितलं असतं तर लोकांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

निजामाचं राज्य गेलं आणि गावोगावच्या यात्रा पुन्हा जोरात भरू लागल्या, तेव्हाची ही गोष्ट. यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. दुपारी पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुरू व्हायच्या आणि दिवस कलता कलता शेवटची मोठी कुस्ती लागायची. बद्रीनाथ हा शेवटच्या कुस्तीचा गडी. पुंजाराम मधला. मधला म्हणजे ज्याची कुस्ती लागली की लोक पान खायला उठतात तो. परगावचा एखादा पैलवान यायचा, त्याला तोडीस तोड गडी मिळायचा नाही, मग पंच हलगीवाल्याला थांबवून म्हणायचे, "पुंजारामला लावा." कुणाशीही लावा, पुंजाराम फड थंड पडू द्यायचा नाही. समोरच्याचा डाव असा खुलवून घ्यायचा की लोकांनी टोप्या उडवाव्यात. टोप्या अर्थात समोरच्यासाठी. नवख्या पोराला पाडायचा तर तेही अशा बेतानं, की पोरगं पडूनही शहाणं होऊन घरी जावं. असले गडी आता दिसत नाहीत. दिसत होते तेव्हा त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

बद्रीनाथकडे मात्र सगळे बघत. बाजारातल्या चहाच्या हॉटेलात त्याचा फोटो देवीच्या तसबिरीशेजारी टांगलेला. लॉरीवाला त्याला आपल्याजवळ पुढं बसवायचा; पुंजाराम मागं, सरकीच्या पोत्यांवर. बद्रीनाथच्या थंडाईचे बदाम वस्ताद पुंजारामच्याच हाती द्यायचे, घोटायला. घोटता घोटता एखादा तोंडात टाकावा, तर तेही जमायचं नाही. माणूस जळका होता, चोर नव्हता. त्यातून बद्रीनाथ स्वभावानं निर्मळ. समोर आला की "राम राम, पुंजादादा" म्हणून वाकायचा. जरा शेफारलेला, जरा माजोरी असता तर पुंजारामला त्याचा मनासारखा राग तरी करता आला असता. तेवढीही सोय त्या गड्यानं ठेवली नव्हती.

घरी बायको सगुणाबाई कंटाळून म्हणायची, "उठता बद्रीनाथ, बसता बद्रीनाथ. लगीन माह्यासंग केलं का त्याच्यासंग?"

"त्याच्यासंग केलं असतं तं निदान कोनी वरात तरी पाह्यली असती," पुंजाराम म्हणायचा.

मग भर फडात बद्रीनाथला एकदा पाडून का दाखवलं नाही? इथंच तर सगळं अडलं होतं. वस्ताद शागीर्द करून घेताना मनगटावर धागा बांधतो, त्याला गंडा म्हणतात. एका वस्तादाचा गंडा बांधलेले दोघे भाऊ होतात, आणि असे भाऊ तालमीत एकमेकांची हाडं मोडोत, फडात एकमेकांना हात लावत नाहीत. असा रिवाज. त्यात एकदा तालमीत सरावाला लढताना पुंजारामनं ढाक मारली, म्हणजे कमरेवर घेऊन फेकलं, तसा बद्रीनाथ उलटा पडला आणि त्याची मान धरली. वस्ताद पुंजारामवर असे काही उखडले की विचारू नका.

"पाडू नको म्हणत न्हाई मी," ते म्हणाले. "पाड. पन खाली हात घालून पाड. त्याची मान गावाची हाय."

"आन माही?"

"तुझी मान तुझी हाय."

तेव्हापासून पुंजाराम बद्रीनाथला उचलायचा, फिरवायचा आणि जमिनीला टेकायच्या आत आपला पंजा त्याच्या खांद्याखाली सरकवायचा. वर्षानुवर्षं, रोज पहाटे. माय लेकराला पाळण्यात ठेवते तसं.

असंच चालायचं, पण एकदा आष्टीचा एक व्यापारी त्या हॉटेलात आला. फोटो बघून त्यानं विचारलं, "या गड्याला कधी कोनी पाडलं का हो?"

हॉटेलवाला काकासाहेबांकडे बघून हसला. हे काकासाहेब फडाचे मुख्य पंच. अंबडातल्या कुस्तीत त्यांचा शब्द शेवटचा. काकासाहेबांनी बशीतला चहा फुंकला आणि म्हणाले, "त्याला पाडनारा अंबडात जल्मला न्हाई."

पुंजाराम शेजारच्याच बाकावर बसला होता. काकासाहेबांनी त्याला, "जरा सरक रे, पाय लांबवू दे," म्हटलं, आणि तो सरकला. पण सरकता सरकता त्याचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गंडा सोडून वस्तादांच्या पायाशी ठेवला. वस्तादांनी कारण विचारलं नाही. नुसतं, "कुठं?" म्हणाले. "धावड्याला," पुंजाराम म्हणाला. भोकरदनकडं धावड्यात एक लहानशी तालीम होती. तिथल्या वस्तादानं असला तयार गडी चालून आलेला पाहून शागीर्दानं आणायचा नारळसुद्धा स्वतःच्याच घरून आणला. सगुणाबाईनं मात्र कपाळ बडवून घेतलं. "लोकं जिमिनीसाठी भावाला सोडत्यात. तुमी कशापायी सोडून राह्यलात?"

"एका कुस्तीपायी."

देवीच्या यात्रेत शेवटच्या कुस्तीची वेळ झाली. बद्रीनाथशी लढायला जालन्याहून येणारा पैलवान आलाच नव्हता. पंच एकमेकांची तोंडं बघत असताना एक गडी हात वर करून हौद्याभोवती फिरू लागला. हौदा म्हणजे कुस्तीची तांबड्या मातीची जागा. हात वर करून फिरणं म्हणजे, मी लढायला तयार आहे.

"आरं, पुंजाराम न्हाई का हा? गुरुभाऊ हायेत ते!" कोणीतरी ओरडलं.

"आता न्हाई," पुंजाराम म्हणाला आणि मनगटावरचा नवा गंडा दाखवला. "मी धावड्याचा."

ज्या गावात जन्म गेला त्या गावानं त्याला हुर्यो करून हौद्यात उतरवलं. गिरिधर वस्तादांनी मान दुसरीकडे फिरवली. बद्रीनाथनं रिवाजाप्रमाणे मूठभर माती त्याच्या अंगाला लावली आणि हळूच विचारलं, "दादा, खरंच लढून राह्यलास का?"

"मंग काय वरात काढून राह्यलो? हात मिळव."

कुस्ती लागली. आणि या वेळी पान खायला कुणी उठलं नाही. बद्रीनाथनं पाय ओढून पट काढला, पुंजारामनं तो सोडवला. बद्रीनाथ पाठीवर स्वार झाला, पुंजाराम खालून निसटला. निसटेल नाहीतर काय? त्या अंगाची प्रत्येक सवय त्याला आपल्या घरच्या दारासारखी ठाऊक. लोकांचा हुर्यो हळूहळू बंद पडला. हलगी चढली. पुंजारामला वाटलं, आता. त्यानं ढाक भरली, तो पहाडासारखा देह कमरेवर घेतला, फिरवला आणि धाडकन खाली आणला. बद्रीनाथची नजर आभाळाला.

काकासाहेब धावले, गुडघे टेकून वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले ते हसत.

"चीत न्हाई! खांदा मातीला लागलाच न्हाई. मधी हात हाय!"

"कोनाचा?" लोक ओरडले.

"पाडनाऱ्याचाच!"

पुंजारामनं खाली बघितलं. बद्रीनाथच्या खांद्याखाली त्याचाच पंजा होता, बोटं नीट पसरून ठेवलेली. तो तिथं कधी गेला, हे त्यालाच माहीत नव्हतं. सगळा फड खदखदून हसला. पुंजारामला वाटलं, हा हात कुऱ्हाडीनं तोडून याच मातीत पुरावा.

"कुस्ती बरोबरीत—" काकासाहेबांनी दोघांचे हात धरले. बद्रीनाथनं आपला हात सोडवून घेतला.

"बरोबरी कशाची, काकासाहेब? हा पंजा नसता तर मी चीत व्हतो. माही मान वाचवायला घातला त्यानं. मी पडलो. फेटा दादाला बांधा."

मग कोणीतरी आरोळी दिली, "वा रे मर्दा! असा गडी पाह्यजे!" आणि सगळा फड हौद्यात घुसला. टोप्या उडाल्या, गुलाल उडाला, हलगीवाला नाचायला लागला आणि लोकांनी बद्रीनाथला खांद्यावर घेतलं. "दिलदार गडी! हातात आलेली बरोबरी सोडून दिली!" मिरवणूक देवीच्या पायऱ्यांकडे निघाली.

मागं हौद्यात पुंजाराम उभा होता आणि काकासाहेब त्याला घाईघाईनं फेटा बांधत होते. घाई एवढ्यासाठी की त्यांनाही मिरवणूक गाठायची होती. शेमला मागं सोडायचा तो पुढंच राहिला.

"हरून बी त्योच," पुंजाराम म्हणाला. पण ऐकायला तिथं कोण होतं?

घरी सगुणाबाईनं फेटा बघितला, मग तोंड बघितलं. "जिंकून आलात का कोनाला पोचवून आलात?"

"जिंकलो."

"मंग?"

"त्याला कोनी सांगितलं व्हतं खरं बोलायला?" पुंजाराम उसळला. "गप पडून ऱ्हायला असता तं काय बिघडलं असतं? बरोबरी तं बरोबरी! निदान अर्धी माही असती!"

सगुणाबाई पदर तोंडात धरून जी हसत सुटली ती थांबेना. पण सकाळी तिनंच तो फेटा त्याला नीट बांधून दिला आणि बळंच बाजारात धाडला. "जावा. पाहू द्या लोकांना."

पुंजाराम हॉटेलात जाऊन बसला. बाक भरलेले. काल यात्रेला न आलेले दोघंतिघं हॉटेलवाल्याकडून सगळी हकीकत ऐकत होते. पुंजारामला बघताच हॉटेलवाल्याचा चेहरा उजळला. त्यानं हाक मारून त्याच्यापुढं चहा ठेवला, फुकट, आयुष्यात पहिल्यांदा. पुंजारामनं फेट्याला हात लावून घेतला.

"हा पाहा, हा तं अगदी जवळ व्हता," हॉटेलवाला सगळ्यांना म्हणाला. "सांग रे पुंजाराम, बद्रीनाथ नेमकं काय बोलला? शब्दाला शब्द सांग."

पुंजारामनं चहा संपवला. बशी पुसून घ्यावी तशी चाटली. मग उठला.

"मला ऐकू न्हाई आलं," तो म्हणाला.

लढून लढून मोडलेले ते पैलवानाचे कान बघून लोकांना ते पटलंसुद्धा.