शबानाने गोळी घेतली होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. सांगायचं ठरवलं की नेमकं नळाला पाणी आल्याचं आठवायचं, नाहीतर दुधाचं — माणूस स्वतःला किती सहज उठवतो, नाही? जिला सांगायचं होतं ती शबाना यंदा गेली. आता तुम्हाला सांगतोय. उशीर झालाय, ते मला कळतं.

रत्नागिरीत आमच्या शेजारी हमीदभाईंचं घर. ते स्वतः कुवेतला, घरी खैरूनभाभी आणि मुलगी शबाना. शबानाला लहानपणापासून फिट यायची. पुढे एका गोळीने ती थांबली — किती तरी वर्षं एकदाही आली नाही. त्या गोळीतली पावडर आमच्या कारखान्यात बनायची. दळणाचं खातं माझ्याकडे होतं. बाजारातून गोळ्या मीच आणून द्यायचो. जरा ऐटीतच द्यायचो.

हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते फार बारीक दळावं लागतं. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा, म्हणजे कळेल. कण मोठा राहिला तर बरंचसं औषध पोटातून तसंच निघून जातं. वजन बरोबर, औषध अस्सल, गोळी तीच — आणि अंगी पुरेसं काही लागत नाही.

आमच्या यंत्रात दाबाच्या हवेने कण एकमेकांवर आपटून फुटत. एके दिवशी दुपारी तो दाब उतरला. कॉम्प्रेसरची दुरुस्ती मीच पुढे ढकलत आलो होतो, आणि वर सांगितलं होतं, ठणठणीत आहे. ड्रममधली पावडर चिमटीत घेतली. कणी लागली. दुपारचा सगळा माल परत दळायला हवा होता — पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. मी प्रयोगशाळेत नमुना पाठवला तो सकाळच्या ड्रममधला. बारीक, सुरेख. माल पास झाला. पुढे गोळ्या करणाऱ्यांच्या तपासणीतून तो कसा सुटला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

पण मला सांगायचंय ते एवढंच नाही. एवढंच असतं तर कदाचित आधी सांगितलं असतं.

काही महिन्यांनी शबानाला फिट आली. मग पुन्हा आली — तिला बघायला पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर, हातातल्या चहाच्या ट्रेसकट. खैरूनभाभी माझ्याकडे आल्या. "नाना, तुम्ही औषधाच्या कारखान्यातले. गोळी चालू असताना असं होतं काय हो?"

मी म्हणालो, "चुकवत असेल गोळी."

इतकंच. क्षणभर थांबलोसुद्धा नाही. शबाना मागेच उभी होती. "नाना, अल्ला कसम, रोज खाते मी!"

"गप मेल्ये," भाभी उसळल्या, "नाना खोटं सांगतील?"

दुसऱ्या दिवशी तिच्या पट्टीतली एक गोळी मी मागून घेतली. दुकानातून दुसऱ्या कंपनीची आणली. दोन पेल्यांत टाकल्या, ढवळल्या. एका पेल्यातलं पाणी बराच वेळ पांढुरकं राहिलं. दुसऱ्यात — आमच्या — वाळूसारखा थर तळाशी बसला. आता तर मला नक्की कळलं होतं, नाही का? तेव्हा तरी पलीकडे जाऊन बोलायचं! मी दोन्ही पेले माडाच्या मुळाशी ओतले.

पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या दिल्या. म्हटलं, आमच्या संपल्यात. फिट थांबली. तोवर भाभींनी रोज शबानाचं तोंड उघडून, जीभ वर करायला लावून गोळी गिळल्याची खात्री करायला सुरुवात केली होती. त्या सगळ्यांना सांगत सुटल्या — नानांनी बरोबर ओळखलं, पाळत ठेवली तशी फिट बंद. माझ्या चोरट्या उपायाने माझंच खोटं खरं ठरलं. त्या ईदला शिरखुर्म्याचं भांडं सगळ्यांत आधी माझ्या घरी आलं. मी खाल्ला.

ते पाहुणे परत आले नाहीत. नंतर दुसरेही कुणी टिकले नाहीत. आजाराला लोक एक वेळ समजून घेतात, पण गोळी लपवून आईला फसवणारी मुलगी? ती गोष्ट पार राजिवड्याच्या मोहल्ल्यापर्यंत पोचली होती. आणि ज्यांची घरं मला ठाऊकच नाहीत, तिथे आणखी कोण कोण असंच खोटं पडलं असेल?

भाभी गेल्या, त्याही तिच्यावर विश्वास न ठेवता. त्यानंतर एकदा मी पलीकडे गेलो. शेजारचं घर, वाट ती केवढी — तेवढ्यात एकच वाक्य जुळवत होतो. शबाना, तू खरं बोलत होतीस, खोटा मी होतो.

तिचे केस पिकायला लागले होते. मला दारात बघून ती उठली. काही न विचारता फडताळातली पट्टी काढली, गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

मी वाकून पाहिलं. "घेतलीस," म्हणालो, आणि पायरीवरच्या चपला शोधू लागलो.